वाचकांचे प्रश्न : भिंतीपलीकडची वस्ती

प्रश्न : पाळकसाहेब, प्रभूमध्ये सलाम. मी पुण्यात राहते आणि एका सहकारी बँकेतून निवृत्त झाले आहे. माझे पणजोबा तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील एका खेड्यात ख्रिस्ती झाले; त्यानंतरच्या आमच्या सगळ्या पिढ्या मंडळीतच, म्हणजे चर्चमध्येच, वाढल्या. आमच्या मंडळीच्या आवाराच्या भिंतीला लागून गेल्या काही वर्षांत बांधकाम मजुरांची पत्र्याची वस्ती उभी राहिली आहे. तिथे बिहार, ओडिशा आणि आपल्या मराठवाड्यातली कुटुंबे राहतात. अलीकडे आमच्या पाळकांनी प्रेषितांच्या कृत्यांतील ‘पृथ्वीच्या शेवटापर्यंत तुम्ही माझे साक्षी व्हाल’ या वचनावर उपदेश केला आणि महिला मंडळाने नाताळात त्या वस्तीत ब्लँकेटवाटप व गायनाचा कार्यक्रम करण्याचे ठरवले. साक्ष देण्याचे, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगण्याचे, काम माझ्याकडे आले आहे आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. त्या लोकांसमोर उभे राहून मी काय बोलणार? शिवाय मनात दुसरीही एक टोचणी आहे. आमच्या सोसायटीतल्या शेजारणी मला हळदीकुंकवाला बोलावतात, मी जाते, पण माझ्या विश्वासाविषयी तिथे एक अक्षरही काढत नाही, कारण आडनावावरून आणि ख्रिस्ती म्हटल्यावरून आमची जात काढली जाईल, ही भीती या वयातही गेलेली नाही. ज्या ख्रिस्ती माणसाला ही भीड सोडता येत नाही, त्याने काय करावे?

— एक भगिनी, पुणे

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य लिहायला धैर्य लागते आणि ते तुम्ही दाखवले आहे, म्हणून तुम्हाला भित्रे म्हणण्याची माझी तयारी नाही. तुम्ही दोन भिंतींविषयी लिहिले आहे. एका भिंतीपलीकडे तुमच्यापेक्षा गरीब माणसे आहेत आणि त्यांच्यासमोर तुम्हाला आपल्या सुस्थितीचा संकोच वाटतो. दुसरीपलीकडे ज्यांच्या पूर्वजांनी तुमच्या पूर्वजांना उंबरठ्याबाहेर ठेवले असेल अशी माणसे आहेत आणि तिथे तुम्हाला आपल्या मुळांचा संकोच वाटतो. सुवार्तेवरच्या आपल्या उपदेशांत पहिल्या भिंतीचा उल्लेख वारंवार येतो, दुसरीविषयी मात्र आपण पाळक मंडळी गप्प राहतो, आणि त्या मौनात मीही सामील होतो हे मला मान्य केले पाहिजे.

तुमच्या पाळकांनी पहिला अध्याय घेतला, तो योग्यच आहे. त्याच पुस्तकाचा दहावा आणि अकरावा अध्याय सलग, एका बैठकीत वाचावा अशी माझी तुम्हाला विनंती आहे. येशूचा यहूदी शिष्य पेत्र यापो येथे कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरला आहे, म्हणजे यहूदी सोवळ्याच्या दृष्टीने तो आधीच अर्धा उंबरठा ओलांडून बसला आहे. गच्चीवर प्रार्थना करीत असता त्याला दृष्टान्त होतो आणि जे देवाने शुद्ध केले आहे त्याला तू निषिद्ध मानू नकोस, हे त्याला तीनदा सांगावे लागते. मग तो कैसरियाला कर्नेल्य नावाच्या रोमी, म्हणजे यहूदी नसलेल्या, शताधिपतीच्या घरी जातो, प्रवचन करतो, बाप्तिस्मा होतो आणि घरच्या मंडळींच्या आग्रहावरून तो काही दिवस तिथेच राहतो. यरुशलेमेत परतल्यावर त्याला जाब विचारला जातो, तो कशाबद्दल हे अकराव्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनात पाहा. तू त्यांना उपदेश का केलास, असे कोणी विचारीत नाही. तू त्यांच्या घरात गेलास आणि त्यांच्याबरोबर जेवलास, हा आक्षेप आहे. ज्यांच्या आज्यापणज्यांनी पाणवठ्यावरची शिवाशिव भोगली आहे, त्या आपल्या लोकांना या वचनाचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. उपदेश दुरूनही करता येतो. कर्नेल्याच्या घरचे अन्न मात्र त्याच्या घरी बसूनच खावे लागले.

योहानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू स्वतः शोमरोनातून जात असता दमून विहिरीवर बसले आहेत आणि तिथे आलेल्या बाईशी त्यांचे पहिले बोलणे ‘मला प्यायला पाणी दे’ एवढेच आहे. यहूदी आणि शोमरोनी यांच्यात व्यवहार नव्हता, हे शुभवर्तमानकार तिथेच नोंदवतो. ज्यांच्याजवळ जीवनाचे पाणी आहे त्यांनी आधी तिच्या घागरीतले पाणी मागितले. आपण मात्र वस्तीत जातो ते ब्लँकेट, खाऊची पाकिटे आणि ध्वनिक्षेपक घेऊन, म्हणजे देणारे आपण आणि घेणारे ते, हे नाते पहिल्याच मिनिटाला ठरवून टाकतो. मग तुम्हाला साक्ष देताना तोंड उघडवत नाही यात नवल काय? तुमच्या मनाला त्या नात्यातली विषमता कळते आहे, आणि त्या कळण्याला तुम्ही दौर्बल्य समजू नये.

माझा एक जुना अनुभव सांगतो. सेवेच्या आरंभीच्या वर्षांत आम्ही सात-आठ तरुण पेटी-ढोलकी घेऊन भर दुपारी एका वीटभट्टीवर गेलो आणि अर्धा तास मोठ्याने गायलो. झोपड्यांतून दोन-तीन मुले तेवढी बाहेर आली. लोक कठोर आहेत, असा शेरा मी त्या संध्याकाळी वहीत लिहिला. पुढे त्याच भट्टीवरचा एक थापणारा आजारी पडला म्हणून त्याच्यासोबत रात्र काढावी लागली, तेव्हा कळले की विटा थापायचे काम ही माणसे पहाटे दोन-तीनला सुरू करतात, ऊन चढले की थांबतात, आणि दुपार हीच त्यांची रात्र असते. ज्यांना मी कठोर ठरवले होते त्यांची आम्ही झोपमोड केली होती. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

म्हणून महिला मंडळाला माझा सल्ला असा राहील की ब्लँकेटे अवश्य द्यावीत, कारण थंडी खरी आहे. पण ती कोणत्याही गाण्याशी आणि साक्षीशी जोडू नयेत, आणि नाताळाच्या आधीच द्यावीत. तुम्ही स्वतः मात्र त्याआधी दोन-चार वेळा रिकाम्या हाताने त्या वस्तीत जा. संध्याकाळी चुली पेटतात त्या वेळी जा, बायकांची नावे विचारा, गाव कोणते, तिकडे आता कोणते पीक उभे असेल, मुले शाळेत जातात का, हे विचारा. कोणी चहा दिला तर तो घ्या. बँकेत तुमचे आयुष्य गेले आहे. खाते कसे उघडायचे, गावी पैसे कसे पाठवायचे, अर्ज कसा भरायचा, यातले काही त्यांनी आपणहून विचारले तर तुमच्याइतके नीट सांगणारे दुसरे कोण आहे? मदत मागितली गेली म्हणजे ती भीक राहत नाही. आणि कधीतरी त्या विचारतील की बाई, तुम्ही कोण, तुम्ही इथे का येता. त्या वेळी जे तोंडून निघेल ती तुमची साक्ष. ती व्यासपीठावरच्या साक्षीपेक्षा लहान असेल, आणि कदाचित हिंदीत अडखळत असेल.

भाषेचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे विषयांतर करतो. तारण, कृपा, पश्चात्ताप, अभिषेक हे शब्द आपल्याला आईच्या दुधासारखे आहेत, पण मंडळीबाहेरच्या मराठी माणसाला त्यांतले अर्धे परके वाटतात आणि उरलेल्यांचा तो भलताच अर्थ घेतो. आपल्या भाषेतून बाहेर येणे हेही घरातून बाहेर पडण्याइतकेच कठीण असते. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आले, साष्टीत त्यांनी अनेक वर्षे काढली आणि ख्रिस्तचरित्र सांगण्यासाठी इथल्या लोकांच्या कानात बसलेली ओवी निवडली. त्यांचे ख्रिस्तपुराण 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्या काळच्या पोर्तुगीज सत्तेने धर्माच्या नावाखाली जी जबरदस्ती केली तिचे समर्थन कोणत्याही ख्रिस्ती माणसाला करता येणार नाही, पण परक्या माणसाने इथल्या शब्दापुढे शिष्य होऊन बसावे हे त्या ओव्यांतून शिकण्यासारखे आहे. आपल्या पंडिता रमाबाईंनी तर संस्कृत शास्त्रांचे सगळे वैभव जवळ असताना उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास करून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, कारण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवून आणलेल्या, अक्षरओळख नुकतीच झालेल्या बायकांना कळेल असे मराठी त्यांना हवे होते. 1922 च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले, तोवर त्या याच कामात बुडालेल्या होत्या. पंडितेने साधे लिहायला शिकावे, हा त्यांच्या आयुष्यातला फार मोठा प्रवास आहे, आणि आपण तो पुरेसा लक्षात घेत नाही असे मला वाटते.

आता तुमच्या सोसायटीविषयी. इथे मी घाई करायला सांगणार नाही, पण टाळाटाळीलाही मान्यता देणार नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात असता डब्यात त्यांना एक युरोपीय प्रवासी भेटला. त्याने या ब्राह्मण कवीशी आधी संस्कृत काव्याविषयी आदराने गप्पा केल्या, मग ख्रिस्ताविषयी बोलला आणि उतरताना नव्या कराराची प्रत हाती दिली. त्या वाचनातून जे सुरू झाले त्याची परिणती 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांच्या बाप्तिस्म्यात झाली. मला त्या प्रवासातली संस्कृत काव्याची गप्पा विशेष महत्त्वाची वाटते. समोरच्याला जे प्रिय आहे त्याविषयी त्या प्रवाशाला खरी गोडी होती. ती आमिषासारखी असती तर टिळकांसारख्या तिखट माणसाच्या ती तत्क्षणी लक्षात आली असती.

आणि लक्ष्मीबाई! पतीच्या बाप्तिस्म्यानंतर त्या काही वर्षे दूर राहिल्या, परत आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सांभाळले. पुढे जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, हे त्यांना मनोमन पटले तेव्हा त्यांनी ते सोवळे सोडले, आणि बाप्तिस्मा त्यानंतर घेतला. पेत्राला गच्चीवर जे कळले तेच त्यांना आपल्या घरात कळले. ताई, ही गोष्ट मी तुम्हाला मुद्दाम सांगतो आहे, कारण ज्या जातीच्या उल्लेखाची तुम्हाला भीती वाटते, तिचे ओझे उतरवण्याचे काम ख्रिस्ताने सोवळे पाळणाऱ्यांच्याही घरात केले आहे. तुमच्या पणजोबांची गोष्ट लपवण्याजोगी नाही. गावाने ज्याला वेशीबाहेर ठेवले, त्याला देवाने नावाने हाक मारली, ही तुमच्या घरची सुवार्ता आहे, आणि ती तुमच्याखेरीज दुसरे कोणी सांगू शकत नाही. सगळ्या बायकांसमोर सांगू नका. ज्या एका शेजारणीशी तुमचे मन जुळले असेल, तिला नाताळच्या दिवशी जेवायला बोलवा आणि आपल्या पणजोबांविषयी सांगा. ती हसेल, गप्प होईल किंवा पुढच्या वेळी बोलावणार नाही, यांपैकी काहीही होऊ शकते. तुमच्या दुःखाची शक्यता मी नाकारीत नाही. पण आतापर्यंत तिची मैत्री तुमच्या अर्ध्याच आयुष्याशी होती.

प्रश्न : मी कोल्हापुरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वसतिगृहात जेवणाआधी मी डोळे मिटून प्रार्थना करतो. माझ्या खोलीतल्या मित्राने एकदा विचारले की तू नक्की काय म्हणतोस आणि कोणाला म्हणतोस. ‘सवय आहे’ असे सांगून मी विषय बदलला. मनात सुवार्ता ठेवून केलेली मैत्री खोटी ठरत नाही का? शिवाय सध्याच्या वातावरणात कोणाशी धर्माविषयी बोलणे कायद्यात बसते का?

— एक विद्यार्थी

उत्तर : कायद्याचे आधी सांगतो. आपल्या राज्यघटनेच्या 25 व्या अनुच्छेदाने सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली स्पष्ट केले की प्रसार करणे म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे सांगणे होय. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. काही राज्यांचे याविषयी स्वतंत्र कायदेही आहेत आणि जिथे राहतो तिथला कायदा जाणून घेणे आपले कर्तव्य आहे. बळ, फसवणूक आणि आमिष यांपासून दूर राहायला मात्र ख्रिस्ती माणसाला कायद्याने सांगावे लागू नये. जो ख्रिस्त स्वतः दाराशी उभा राहून ठोठावतो, त्याच्या नावाने दार ढकलणे हा त्याचाच अपमान आहे.

मैत्रीविषयी तुमची शंका प्रामाणिक आहे. मित्र ख्रिस्ती झाला तरच ठेवायची मैत्री खोटीच असते. पण जे आपल्याला सर्वांत मोलाचे वाटते ते मित्रापासून कायमचे दडवून ठेवणे, हीदेखील मैत्रीतली उणीवच आहे. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, आपल्या ठायी असलेल्या आशेविषयी जो विचारपूस करतो त्याला उत्तर देण्यास सिद्ध असा, आणि ते सौम्यतेने व भीडस्तपणाने द्या, असे म्हटले आहे. वर पुण्याच्या भगिनींनी भीड सुटत नाही असे लिहिले. इथे प्रेषित भीड ठेवूनच उत्तर द्या असे सांगतो. ही भीड समोरच्याच्या मनाची बूज राखणारी आहे, तोंड बंद करणारी नाही. त्याची श्रद्धाही विचारा, आणि तो सांगेल ते पूर्ण ऐका. त्याने जसा मोकळेपणी प्रश्न विचारला, तसाच तुम्हीही विचारा. तो तुमचे ऐकून ‘मला हे पटत नाही’ म्हणाला, तरी दुसऱ्या दिवशी तुमचा डबा नेहमीसारखाच एकत्र उघडला पाहिजे.

तुम्ही फार लांब जायची गरज नाही. तुमच्या मित्राने प्रश्न विचारला, आणि तो अनुत्तरित आहे. परीक्षा संपून तो गावी जाण्याआधी, एखाद्या रात्री जेवण झाल्यावर, त्या दिवशी मी नीट उत्तर दिले नव्हते असे म्हणून सुरुवात करा.