सहीची घाई नको

ताई, सप्रेम नमस्कार.

दीड वर्षापासून आपण आठ वर्षांच्या मुलासह माहेरी आहात आणि पती परस्पर संमतीने घटस्फोटास तयार आहेत. परंतु पोटगी, दागिने व जुळे सोलापुरातील दोघांच्या नावावरचा फ्लॅट यांवरील हक्क सोडल्याचा मसुदा त्यांनी सहीसाठी पाठवला आहे. आई म्हणते, ‘सोनं गेलं तर गेलं, एकदाची मोकळी हो.’ संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला चार बायका विचारतील, त्याआधी हे संपावे, असे आपणही लिहिले आहे.

आईच्या बोलण्यात माया आहे, पण तिचा सल्ला मला मान्य नाही. आज सही केली तरी संक्रांतीपर्यंत घटस्फोट हाती पडेलच असे नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालामुळे योग्य प्रकरणात ही मुदत माफ होऊ शकते, परंतु तो न्यायालयाचा अधिकार आहे. हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते. हुकूमानंतर मात्र मान्य केलेल्या अटी बदलून घेणे फार अवघड जाते.

माझ्या मते खरा धोका फ्लॅटच्या कर्जात आहे. ‘यापुढील हप्ते पती भरतील’ असे मसुद्यात असले, तरी बँक त्या कराराने बांधली जात नाही. आपण सहकर्जदार आहात. त्यांनी हप्ते थकवले तर बँक आपल्याकडेही वसुलीला येईल, आणि तोवर फ्लॅटवरचा हक्क आपण सोडलेला असेल. म्हणून कर्जातून आपले नाव कमी केल्याचे बँकेचे पत्र हाती आल्याशिवाय हक्कसोडपत्रावर सही करू नका.

लग्नात आपल्याला मिळालेले दागिने, मग ते माहेरचे असोत वा सासरचे, आपले स्त्रीधन आहे. सराफाच्या पावत्या व लग्नाचे फोटो आताच एकत्र करा. मुलाच्या पोटगीचा हक्क तर आपण सोडतो म्हटले तरी सुटत नाही, कारण तो मुलाचा आहे.

गेल्या वर्षी सिद्धेश्वर यात्रेतील अक्षता सोहळ्यात, म्हणजे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहात, ‘सत्यम सत्यम दिड्डम दिड्डम’ कानी पडताच रडू आवरेना आणि गर्दीतून बाहेर पडावे लागले, हे वाचून वाईट वाटले. यंदा जावेसे वाटले नाही तर जाऊ नका. सिद्धरामेश्वर रागावणार नाहीत, आणि रागावणाऱ्या मावशींना ‘तब्येत बरी नव्हती’ एवढे उत्तर पुरे आहे. झोप व जेवण मात्र असेच तुटत राहिले, तर सिव्हिलमधील मानसोपचार विभागात दाखवण्यास संकोच करू नका.

‘बाबा गड्ड्यावर (यात्रेच्या जत्रेत) येतील का?’ या मुलाच्या प्रश्नाला आपण विषय बदलता, ते थांबवावे. ‘बाबा आणि मी आता एकत्र राहणार नाही, पण बाबा तुला भेटतील,’ असे सरळ सांगा, आणि त्यांनी पाळण्यात बसवायला नेले तर आनंदाने पाठवा. भेटीचे वार, सुट्ट्या आणि शाळेची फी कोण भरणार, हे सारे मसुद्यात स्पष्ट लिहून घ्यावे.

वकिलाच्या फीची चिंता असेल, तर जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत वकील मिळतो. पतींना तूर्त एवढेच लेखी कळवा, की मसुदा वकिलांना दाखवून उत्तर देते.