दर्भाचा कावळा म्हणजे काय?

प्रश्न असा आलाय की एका कथेत ‘शेवटी दर्भाचा कावळा लावला’ असं वाक्य आहे, तर हा वाक्प्रचार आहे का, आणि आजी म्हणायची त्या ‘कावळा शिवला’शी त्याचा काही संबंध आहे का.

वाक्प्रचार नाही हो, खरंच तसं करतात. दहाव्याला घाटावर पिंड मांडून सगळे लांब जाऊन उभे राहतात, कावळा चोच लावतो का बघत. नाही शिवला तर गेलेल्याचा जीव कशाततरी अडकलाय असं धरतात आणि मग एकेक जण पुढे होऊन हात जोडून बोलायला लागतो, धाकटीचं लग्न मी करून देईन, आईला अंतर देणार नाही, जमिनीचं भांडण मिटवतो वगैरे, आणि कावळे फांदीवर ढिम्म. ऊन चढतं, कुणालातरी ऑफिस गाठायचं असतं, पुण्यात ओंकारेश्वराला तर शेजारी दुसऱ्यांचे पिंड मांडलेले असतात, मग गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवतात आणि विधी उरकतो.

कथेत याचा उपयोग भारी होतो. वचन दिलं आणि लगेच कावळा शिवला हे आता फार हुकमी झालंय (‘काकस्पर्श’ हा २०१२ चा सिनेमा तर अशा वचनावरच उभा आहे). दर्भाच्या कावळ्यात मात्र गोची आहे, विधी झाला म्हणावं तर मेलेल्याने होही म्हटलं नाही आणि नाहीही, पण बोललेलं तर चार नातेवाइकांनी ऐकलंय. आता जमिनीचं भांडण मिटवायचं की नाही? चांगला लेखक श्रद्धा खरी की खोटी यात न पडता तिथेच पात्राला अडकवून ठेवतो.

आजीचं ‘कावळा शिवला’ म्हणजे पाळी आली, बाई बाजूला बसली. पोरांना सांगायला काढलेलं कारण, तेवढंच. क्रियापद तेच, ‘शिवाशिव’मधलं, पण तिथे कावळा शिवला की विटाळ आणि घाटावर शिवला की सुटका, गंमतच आहे.

बाकी त्याच कथेत पुढे ‘कावळ्याने पिंड शिवला’ असं छापलंय म्हणता, ते साफ चूक. स्पर्शाच्या अर्थी ‘कावळा पिंडाला शिवला’ असंच म्हणतात, ‘ने’ लावलं की तो सुई-दोरा घेऊन बसला असं होतं.