माणसं कमी करायची आहेत, पण तोंड उघडत नाही

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात समुपदेशन करत असल्यामुळे माझ्याकडे लहान कारखानदार बरेच येतात. येताना सांगतात वेगळंच. झोप लागत नाही, ॲसिडिटी वाढली आहे, घरात चिडचिड होते. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत खरी गोष्ट बाहेर पडते: ‘मॅडम, काम कमी झालंय. तीन-चार माणसं कमी केल्याशिवाय भागणार नाही. पण सांगायचं कसं?’ २०१९ च्या वाहन मंदीत हे ऐकलं, २०२० च्या लॉकडाऊननंतर ऐकलं, आणि आता गाड्या बॅटरीवर जायला लागल्यापासून इंजिनाचे सुटे भाग करणाऱ्यांकडून पुन्हा ऐकते आहे. त्यालाच जोडून उलटी काळजीही येते: ‘आज सोडलेला ऑपरेटर उद्या ऑर्डर आल्यावर मिळेल का?’ म्हणून एक केस सविस्तर लिहिते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

दिलीपराव पन्नाशीचे. भोसरी एमआयडीसीत त्यांचं मशीन शॉप, म्हणजे धातूचे सुटे भाग कातायचा छोटा कारखाना आहे: चार सीएनसी आणि दोन व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणारी यंत्रं), जुने लेथ आणि चौदा माणसं. इंजिनाला लागणारे छोटे शाफ्ट आणि बुश जॉबवर्कने करून द्यायचे. गिऱ्हाईक मुख्यतः एकच. त्या गिऱ्हाइकाचं महिन्याचं शेड्यूल, म्हणजे किती माल हवा तो आकडा, चार महिन्यांत जवळपास निम्म्यावर आलं होतं आणि बिलाचे पैसे नव्वद दिवसांनी सुटत होते. (सूक्ष्म आणि लघुउद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवावं असं २००६ चा कायदा सांगतो. पण एकाच गिऱ्हाइकावर चूल पेटते तेव्हा त्याला कायदा दाखवायचं धाडस होत नाही, हे मी अनेकांकडून ऐकलं आहे.) दिलीपरावांनी बायकोचं सोनं ठेवून दोन पगार केले होते. वहिनी हिशेब बघायच्या, त्यामुळे त्यांना सगळं ठाऊक होतं. कामगारांना मात्र एका शब्दानेही काही सांगितलेलं नव्हतं.

उलट त्यांनी शॉपमध्ये फिरणंच बंद केलं होतं. सकाळी आले की केबिनमध्ये, दार लावून. ओव्हरटाइम न सांगता थांबवला. कोणी उचल मागायला आलं तर ‘बघू’. आणि याच काळात त्यांचा सगळ्यात चांगला व्हीएमसी ऑपरेटर चाकणच्या एका मोठ्या कंपनीत निघून गेला.

‘ज्याला ठेवायचं होतं तोच गेला,’ ते म्हणाले. ‘आणि ज्यांना जा म्हणायचंय, ते बसलेत.’

हे असंच होतं. मालक गप्प बसला की सगळ्यात आधी तो जातो, ज्याला बाहेर मागणी आहे. हातात कला असलेला माणूस वारा ओळखतो. मागे राहतात ते दुसरीकडे सहज काम न मिळणारे, आणि वर्षानुवर्षांची निष्ठा असलेले. माणसं टिकावीत म्हणून मौन पाळलं जातं आणि नेमकी हवी ती माणसं त्याच मौनाने जातात.

माझ्या कामाची बैठक अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या विचारांची, महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेल्या विवेकनिष्ठ पद्धतीची. प्रसंग माणसाला जितका छळतो, त्याहून त्या प्रसंगाचा त्याने लावलेला अर्थ छळतो, हे तिचं मूळ सूत्र. म्हणून मी दिलीपरावांना ‘कोणाला काढणार?’ असं विचारलं नाही. विचारलं, ‘माणूस कमी करावा लागला, तर त्याचा तुमच्या लेखी अर्थ काय?’

‘अर्थ काय असणार? नालायक मालक. वडील असते तर त्यांनी घर विकलं असतं, पण माणूस काढला नसता.’

‘२०१९ मध्ये तुमच्या गाळ्यांच्या रांगेत किती शॉपनी माणसं कमी केली?’

‘निम्म्यांहून जास्त.’

‘ते सगळे नालायक?’

‘छे. त्यांचं शेड्यूलच पडलं होतं ना.’

‘आणि तुमचं?’

ते बराच वेळ बोलले नाहीत. फोन टेबलावर पालथा ठेवलेला होता, तो सुलटा केला, गिऱ्हाइकाकडून आलेली एक्सेल उघडली आणि त्या महिन्याचा आकडा मोठ्याने वाचला. नंतर त्याआधीच्या महिन्याचा. चार महिने ते ही फाइल उघडून न वाचताच बंद करत होते, असं म्हणाले. मग जरा सैल होऊन विचारलं, ‘म्हणजे माझी चूक नाही, असंच ना?’

इथे समुपदेशकाला ‘हो’ म्हणायचा मोह होतो. समोरचा माणूस हलका होतो, आपल्यालाही बरं वाटतं. मी म्हटलं, ‘शेड्यूल पडलं ही तुमची चूक नाही. पण चार महिने चौदा घरांना काहीच कळू दिलं नाही, ही जबाबदारी तुमचीच आहे.’

त्यांचा चेहरा आधी उतरला आणि मग, मला आजही आठवतं, ताठ झाला. इतके दिवस ते स्वतःला अशा गोष्टीची शिक्षा देत होते जी त्यांच्या हातात नव्हती, आणि त्या शिक्षेच्या आड हातातली गोष्ट राहून जात होती. अपराधी वाटणं आणि जबाबदारी घेणं वरून सारखं दिसतं. पहिलं माणसाला केबिनमध्ये कोंडतं, दुसरं त्याला शॉपमध्ये नेतं. माझ्या सगळ्या कामात मला ज्या थोड्या गोष्टींची खात्री वाटते, त्यांतली ही एक आहे.

पुढच्या भेटीला ते वहिनींना घेऊन आले, वहीसकट. मी सांगितलं होतं की फक्त एक आकडा आणा: आजच्या कामावर, नवीन कर्ज न घेता, किती महिने सगळ्यांचे पगार होतील? उत्तर आलं, दीड. आकडा वाईटच होता, पण दिलीपराव म्हणाले त्या रात्री पहिल्यांदा नीट झोप लागली. न मोजलेली भीती मोजलेल्या तोट्यापेक्षा मोठी असते.

मग क्रम ठरला. आधी मालकाने घरखर्चाला उचलायची रक्कम निम्मी. मग कामाचे दिवस तीन महिन्यांसाठी सहावरून पाच, आळीपाळीने, सगळ्यांच्या सहीने. हिशेबात एवढ्यानेही भागेना म्हणून सगळ्यात शेवटी लागलेले दोघे कमी. पगाराचा दर मात्र कोणाचाही कापायचा नाही. यावर दिलीपराव अडले: ‘सगळ्यांचा थोडा थोडा कापला तर कोणालाच जावं लागणार नाही!’ ऐकायला ते दयाळू वाटतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मंदी असताना ट्रूमन ब्यूली या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या तीनशेहून जास्त व्यावसायिक, कामगार नेते अशा लोकांना भेटून विचारलं होतं, की मंदीत पगार का कापत नाही? उत्तर साधारण एकच आलं: पगार कापला की राहिलेल्या सगळ्यांचं मन कामावरून उडतं. तास कमी केले तर माणसाला कळतं की काम कमी आहे. दर कमी केला तर त्याला वाटतं की आपली किंमत कमी झाली. जर्मनीने तर तास कमी करण्याची सरकारी व्यवस्थाच केली आहे, बुडालेल्या पगाराचा मोठा भाग तिथे सरकारी निधीतून मिळतो. २००९ च्या मंदीत एका टप्प्यावर पंधरा लाखांच्या आसपास कामगार त्या आधारावर कमी तास काम करत होते. आपल्या लहान शॉपला असा आधार नाही, म्हणून हे मालक आणि कामगारांनी आपसांतच ठरवावं लागतं.

कायद्याची बाजू त्यांनी लेबर कन्सल्टंटकडून समजून घेतली, आणि प्रत्येकाने तसंच करावं. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करताना महिन्याची नोटीस, भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, शेवटी लागलेला आधी जाणार आणि पुन्हा भरती करताना त्याला पहिली संधी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातून हे चालत आलं आहे. दिलीपरावांना याचा आधारच वाटला. कोणाला निवडायचं, याचं ओझं एकट्याच्या डोक्यावर राहिलं नाही.

राहिलं बोलणं. त्याचा सराव माझ्या खोलीत केला. त्यांनी सुरुवात केली, ‘आपली कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे...’ मी तिथेच थांबवलं. कुटुंबातल्या माणसाला नोटीस देत नाहीत. ज्याला जायचं आहे त्याला ते वाक्य टोचेल. दुसऱ्यांदा ते गिऱ्हाइकाच्या धोरणावर, सरकारवर, बॅटरीच्या गाड्यांवर बोलत राहिले, मुद्दा आलाच नाही. तिसऱ्यांदा चार वाक्यांत झालं: काम किती कमी झालंय, किती महिने पुरेल, काय करणार आहोत, आणि पुढचं कोणत्या तारखेला सांगणार. ज्या दोघांना जायचं होतं त्यांना सगळ्यांच्या आधी, वेगळं, बसवून सांगायचं ठरलं.

मीटिंग झाल्यावर ते आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच सांगू लागले. सगळं ऐकून घेतल्यावर लेथवरचा जुना मिस्त्री, वडिलांच्या काळापासूनचा, म्हणाला होता, ‘साहेब, शेड्यूल पडलंय हे आम्हाला कवाच कळलं होतं. रोज टेम्पोत किती क्रेट चढतात, ते आम्ही मोजत नाही होय? आम्हाला वाटलं, तुम्ही शॉपच बंद करताय आन् सांगत नाय.’

जे लपवण्यासाठी माणूस झुरत होता, ते क्रेट मोजून सगळ्यांना माहीत होतं. आणि न सांगितल्यामुळे त्यांनी खऱ्यापेक्षा वाईट धरलं होतं. एका तरुण ऑपरेटरने ‘पाच दिवसांचं लेखी देणार का?’ असं रोखठोक विचारलं. दिलीपराव तयारच होते, कागद पुढे केला. कमी केलेल्यांपैकी एकाला ओळखीतून तळवड्यात काम मिळालं. दुसरा रागातच गेला, अजून बोलत नाही. तो राग त्याचा हक्क आहे, आणि तो सहन करणं मालकाचं काम आहे. दिलीपरावांना हे पटायला आणखी काही भेटी लागल्या.

तुम्ही याच पेचात असाल तर आधी आकडा काढा, पुढे ढकलू नका. ठरलं की आठवड्याच्या आत सांगा, स्वतः, समोर बसून. व्हॉट्सॲपवर नाही, सुपरवायझरच्या तोंडून नाही, सणाच्या आदल्या दिवशी तर नाहीच. देणं असेल ते त्याच दिवशी हातात ठेवा. जे राहणार आहेत त्यांच्याशीही बोला, कारण ‘पुढचा नंबर माझा का?’ हा प्रश्न त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात असतो. त्यांना खोटी हमी देऊ नका, तारीख द्या. आणि तेजीच्या दिवसांत एकाच गिऱ्हाइकाच्या जिवावर माणसं वाढवताना हे दिवस आठवा. दिलीपरावांनी आता पंपाचे भाग करणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीचं सँपल लॉट घेतलं आहे, पास होईल की नाही अजून ठरायचं आहे.

मात्र दोन-तीन आठवडे झोप पूर्ण उडाली असेल, जेवण तुटलं असेल, किंवा ‘मी नसलो तर विम्यात सगळं फिटेल’ असा विचार एकदा जरी मनात आला असेल, तर हिशेब, नोटीस, मीटिंग सगळं बाजूला ठेवा. त्या वेळी पहिला माणूस डॉक्टर. रात्री-अपरात्री कोणाला फोन करावा कळत नसेल, तर ‘टेलि-मानस’ ही सरकारची मोफत सेवा चोवीस तास चालू असते, १४४१६ वर. मराठीतही बोलता येतं.