भाषण खासदाराचे, नोकरी परराष्ट्र सेवेची

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मिळाले. राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या आपल्या मुलीने खासदार शशी थरूर यांचे सॉफ्ट पॉवरवरील, म्हणजे बळाऐवजी आकर्षणाने इतरांवर प्रभाव पाडण्याच्या देशाच्या ताकदीवरील, भाषण ऐकले आणि तेव्हापासून ती परराष्ट्र सेवेखेरीज दुसरा विषय काढत नाही, असे आपण लिहिले आहे. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला हे झेपेल का आणि ही वाट राजकारणाकडे तर नेणार नाही ना, या आपल्या दोन शंका आहेत.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, थरूर भारतीय परराष्ट्र सेवेत कधीच नव्हते. १९७८ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेत रुजू झाले, पुढे संयुक्त राष्ट्रांमध्येच अवर महासचिवपदापर्यंत पोहोचले आणि २००९ मध्ये तिरुवनंतपुरममधून लोकसभेवर निवडून आले. त्याच वर्षी म्हैसूर येथील भाषणात त्यांनी अफगाणिस्तानात दरी भाषेत लोकप्रिय झालेल्या एका हिंदी मालिकेचा दाखला देत सांगितले होते की, देशाविषयीचे आकर्षण सरकारी प्रचारातून नव्हे, तर समाजाच्या मोकळ्या जगण्यातून निर्माण होते. हे मत मला पटते. मात्र ते खरे मानले, तर सॉफ्ट पॉवर घडवणे हे मुत्सद्द्याचे काम उरत नाही, हेही मान्य करावे लागते. त्याचा बराचसा दिवस व्हिसाच्या अर्जांत, परदेशात अटकेत असलेल्या भारतीयाला भेटण्यात, एखाद्याचे पार्थिव मायदेशी पाठवण्यात आणि कराराच्या मसुद्यातील एकेका शब्दावर वाद घालण्यात जातो. लोकसेवा हा शब्द भाषणात भारदस्त वाटतो. दूतावासाच्या खिडकीशी त्याचा अर्थ पासपोर्ट हरवलेल्या माणसाला धीर देणे एवढाच असतो, आणि मुलीला नेमके तेच आवडेल का, हे तिने स्वतःला विचारावे.

खासदाराची भूमिका याहून वेगळी आहे. आपल्याकडे करार सरकार करते. त्यांच्या अंमलबजावणीसाठी कायदा करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद २५३ ने संसदेला दिला आहे. खासदारांची परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समिती, जिचे अध्यक्षपद थरूर यांनीही भूषवले आहे, मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खर्चासाठी मागितलेला निधी, तपासते आणि परराष्ट्र सेवेतील अपुऱ्या मनुष्यबळावर तिने आपल्या अहवालांतून बोट ठेवले आहे. अधिकाऱ्याला असे जाहीरपणे बोलता येत नाही. ज्या मोकळेपणाने आपली मुलगी भारावली, तो खासदाराच्या खुर्चीचा आहे, मुत्सद्द्याच्या खुर्चीचा नाही.

आता माध्यमाविषयी. परराष्ट्र सेवेत प्रवेश नागरी सेवा परीक्षेतून मिळतो. नागरी सेवा मुख्य परीक्षेतील गुणवत्तेसाठी धरले जाणारे १७५० गुणांचे पेपर मराठीतून लिहिता येतात आणि २७५ गुणांची मुलाखतही मराठीतून देता येते. पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र हिंदी आणि इंग्रजीतच असते, शिवाय इंग्रजीचा पात्रता पेपर उत्तीर्ण व्हावा लागतो. म्हणून इंग्रजी वाचनाचा सराव आजपासूनच हवा. कोल्हापूर जिल्ह्यातील अब्दुल लाट या गावचे ज्ञानेश्वर मुळे १९८३ मध्ये या सेवेत आले आणि परराष्ट्र मंत्रालयात सचिव झाले, हे उदाहरण आपल्या घरातील चर्चेत उपयोगी पडेल. अर्थात, परराष्ट्र सेवेच्या जागा दरवर्षी मोजक्याच असतात आणि खुल्या प्रवर्गाला सहाच संधी मिळतात, हेही लपवून ठेवू नये.

राजकारणाची भीती मला अनाठायी वाटते. के. आर. नारायणन आणि एस. जयशंकर परराष्ट्र सेवेतून राजकारणात आले खरे, पण दोघेही सेवेत दीर्घ काळ घालवल्यानंतर. मुलीला आतापासूनच धोरणावर बोलण्याची ओढ असेल, तर पदवीनंतर लॅम्प फेलोशिपचा विचार करावा. त्यात तरुण पदवीधर एका खासदारासोबत राहून संसदीय कामासाठी संशोधन करतात. तत्पूर्वी तिने स्थायी समितीचा एखादा अहवाल पूर्ण वाचावा आणि त्यातील प्रश्न विचारणाऱ्या सदस्याची जागा आवडली की उत्तरे देणाऱ्या अधिकाऱ्याची, हे मला स्वतः लिहून कळवावे.