खाडीत नीट चालणारं इंजिन बाहेर गेल्यावर बंद पडतं. फ्युएल पंप बदलू का?

नका बदलू. निदान या आठवड्यात तरी नको.

तुम्ही लिहिलंय ते असं: बोट दाभोळची, दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर यंदा पहिल्यांदाच पाण्यात. वाशिष्ठीच्या खाडीत हळू चालवताना काही कुरकूर नाही. तोंडाबाहेर पडून रेस वाढवली की पंधरा-वीस मिनिटांत डचके खातं आणि गप्प होतं. दहा मिनिटं थांबलं की काही न करता परत सुरू. मेकॅनिक म्हणतो पंप गेला.

आधी त्याला विचारा, कुठला पंप? इंजिनवर दोन आहेत. एक फीड पंप, जो टाकीतलं डिझेल ओढून फिल्टरपर्यंत आणतो. दुसरा इंजेक्शन पंप, जो तेच डिझेल प्रचंड दाबाने सिलिंडरात फवारणाऱ्या नोझलला पाठवतो. पहिला गेला तर खिशाला चिमटा, दुसरा गेला तर हंगामच अंगावर. झिजलेल्या इंजेक्शन पंपाची खोड बहुतेकदा तुमच्या उलट असते. थंड असताना सुरू होतो आणि तापल्यावर सुरू व्हायला रडतो. तुमचं इंजिन तर विश्रांती घेतली की बरं होतंय. हे इंजेक्शन पंपाचं नाही, डिझेल न मिळून उपाशी राहण्याचं लक्षण आहे.

मी मेकॅनिक नाही. हर्णैला बोट आहे आणि भर समुद्रात इंजिनच्या खोलीत उलटं लटकून जे शिकलो तेवढंच सांगतो. हाच आजार मला झाला होता. 1 जून ते 31 जुलै बोट वर ओढलेली, झापांनी शाकारलेली. ऑगस्टमध्ये पाण्यात टाकली आणि सुवर्णदुर्गाच्या पलीकडे गेलो की बंद. दोन्ही फिल्टर बदलले, फीड पंपाचं किट बदललं, भांडणंही झाली. शेवटी खलाश्याने टाकीचं झाकण उघडलं तर आत हवा सूंऽऽ करून ओढली गेली. टाकीच्या हवेच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं! दोन महिने कोरडी, आडोशाची जागा, तिला आणखी काय हवं?

डिझेल जेवढं बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते. नळी बंद असेल तर टाकीत पोकळी होते आणि पंप कितीही चांगला असला तरी ओढू शकत नाही. हळू चालवताना डिझेल थोडंच लागतं, म्हणून खाडीत कळत नाही. थांबलात की कुठूनतरी हवा झिरपते आणि गाडं परत चालू होतं. तेव्हा पुढच्या खेपेला इंजिन डचके खायला लागलं की बंद पडायची वाट न बघता झाकण सैल करा. सूं झालं आणि इंजिनने दम धरला तर खर्च शून्य. नळीत तार घाला, फुंकून बघा. झाकण उघडं ठेवून मात्र फिरू नका, एका लाटेत टाकीत खारं पाणी.

तसं झालं नाही तर पुढची शंका हवेची. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या लाइनमध्ये ओढ असते. तिथे जोड सैल असला तरी डिझेल गळत नाही, उलट हवा आत शिरते. म्हणून फडकं फिरवून ‘कुठे ओलं नाही’ म्हणण्याला अर्थ नाही. फीड पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी जोडा आणि रेस देऊन बघा. बुडबुडे पळताना दिसले तर मागे टाकीकडे जात एकेक जोड तपासा. तांब्याचे वायसर जुनेच परत बसवले असतील तर तेच चोर. नवे मिळाले नाहीत तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ होतं आणि परत बसतं. हाताने पंप मारायचं बटण असेल तर ते काम झाल्यावर पूर्ण आवळून ठेवा, तिथूनही हवा घेतो. पारदर्शक नळी तपासणीपुरतीच. गरम इंजिनजवळ कायमची ठेवू नका.

आता कॅनची परीक्षा. पाच लिटरचा स्वच्छ कॅन, त्यात गाळलेलं डिझेल. फीड पंपाला येणारी नळी टाकीऐवजी कॅनमध्ये सोडा आणि रिटर्नची नळीसुद्धा कॅनमध्येच घ्या, नाहीतर परत येणारं डिझेल टाकीत जाऊन कॅन बघता बघता रिकामा होईल. कॅन खाली ठेवा, पंपापेक्षा खाली. बहुतेक जण वर टांगतात आणि इंजिन चाललं की खूश होतात. वरून डिझेल आपोआप उतरतं, त्यात मेलेला पंपसुद्धा पास होतो. खालच्या कॅनवर पूर्ण रेसला अर्धा तास चाललं तर पंप निर्दोष, दोष टाकीच्या बाजूला. खाली ठेवून बंद पडतं आणि वर ठेवून चालतं, तेव्हा पंपावर संशय घ्या. वर ठेवूनही बंद पडलं तर पंपापुढचा फिल्टर बघा.

पंपाची खात्री करायला त्याची बाहेर जाणारी नळी सोडून बाटलीत धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. इंजिनच्या दर दोन फेऱ्यांना एक ठसठशीत पिचकारी यायला हवी. नुसतं ओघळत असेल तर डायफ्राम (पंपातला लवचीक पडदा) किंवा व्हॉल्व्ह गेला, आणि तो पंपाच्या दुरुस्ती किटमध्येच मिळतो. हाताचा खटका असलेल्या पंपाची गंमत म्हणजे कधीकधी तो ढिम्म हलत नाही आणि लोक पंप जाम म्हणून भंगारात टाकतात. आतला कॅम वर येऊन थांबलेला असतो, एवढंच. पुली हाताने जराशी फिरवा, खटका चालू होतो.

डायफ्राम फाटला असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढा: ऑइल भरलेलं नसताना पातळी वाढलेली, पातळ, डिझेलचा वास येणारं असेल तर इंजिन चालवूच नका. ही तपासणी आजच करा, दोन मिनिटांचं काम आहे.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. पावसाळाभर अर्धी टाकी ठेवली असेल तर आत दव धरून पाणी साचतंच आणि डिझेल-पाण्याच्या सीमेवर काळी शेवाळासारखी घाण होते, जी फिल्टर तुंबवते. सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या) तळचा स्क्रू सोडून काचेच्या पेल्यात घ्या आणि थांबा, पाणी खाली बसलेलं दिसेल.

नोझलच्या नळ्यांचे नट सैल करून हवा काढताना हाताचं बोट जवळ नेऊ नका, ते डिझेल कातडी फोडून आत जातं.

आणि हे सगळं करून बघायला तोंडाबाहेर जाऊ नका. बोट जेटीला दोन जाड दोरांनी घट्ट बांधा, पाण्यातल्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) आसपास माणूस किंवा जाळं नाही याची खात्री करा, गिअर टाका आणि हळूहळू रेस वाढवत अर्धा तास चालवा. बाहेरच्यासारखा भरपूर लोड इथेही मिळतो. इथे बंद पडलं तर निदान चहा तरी जवळ असतो.