घर्षण नेमकं कुणाच्या बाजूचं?

प्रश्न : सर, मी अकरावी सायन्सला आहे. घर्षण गतीला विरोध करतं, असं शिकलो. परवा आमच्या रानातून उसाच्या दोन ट्रॉल्या निघताना चिखलात ट्रॅक्टरची मागची चाकं जागेवरच गरगर फिरली. काका म्हणाले, "पकडच धरंना." म्हणजे घर्षण कमी पडलं. विरोध करणारंच कमी झालं, तर ट्रॅक्टर उलट लवकर पळायला नको का?
– एक वाचक, ता. माजलगाव, जि. बीड

उत्तर : गोची त्या वाक्यात आहे, आणि मीही ते फळ्यावर कैक वर्षं लिहिलंय. घर्षण विरोध करतं ते टेकलेले दोन पृष्ठभाग एकमेकांवर घसरण्याला. इंजिन मागचं चाक फिरवतं, तेव्हा चाकाचा जमिनीला टेकलेला भाग मागे घसरू पाहतो. ते अडवताना जमीन चाकाला पुढे रेटते. ट्रॅक्टर हलतो तो या रेट्यावर. नुसतं इंजिन म्हणजे बैलगाडीत बसून गाडी ढकलणं! ट्रॉलीच्या चाकांना मात्र इंजिन नाही. ती ओढली जातात, तिथं जमीन मागेच खेचते.

आता हिशेब. सगळं मिळून 15 टन धर, त्यातलं ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर सव्वा टन, म्हणजे अंदाजे 12,500 न्यूटन. कोरड्या डांबरावर घर्षणांक, म्हणजे चाकावरच्या वजनाच्या जास्तीत जास्त किती पट पकड मिळते तो आकडा, 0.7 घेतला तर पुढचा रेटा जास्तीत जास्त 8,750 न्यूटन. चाकांचा अडथळा एकूण वजनाच्या 2 टक्के धरला तर 3,000. उरले 5,750; भागिले 15,000 किलो, त्वरण 0.38 मीटर प्रति सेकंद वर्ग. हवेचा विरोध या वेगाला नगण्य. ओल्या काळ्या मातीत घर्षणांक 0.3 धर : रेटा 3,750 वर आला. आणि रुतलेल्या चाकांचा अडथळा 10 टक्के धरला तरी 15,000! कसा हलणार?

अशा वेळी चालक रेस वाढवतो. चाक एकदा घसरायला लागलं की घर्षण आणखी घटतं, वर चाक खड्डा करून बसतं. त्यापेक्षा चाकाखाली पाचट टाका. मागच्या टायरात पाणी भरतात तेही त्यासाठीच : चाकावरचं वजन वाढलं की रेटा वाढतो. दुसरा ट्रॅक्टर लावायचा झाला, तर काकांना सांग, साखळी ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या खालच्या हुकालाच अडकवायची. मागच्या आसाच्या वर बांधली, तर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि तो चालकावर उलटू शकतो.