नदीचा गाळ समुद्रात निघून का जात नाही, खाडीतच का साचतो? खोल खोदलं तर प्रश्न मिटेल का?

"नदी गाळ आणते, मुखाशी वेग कमी झाला की टाकते, मग खोल खोदलं की झालं ना?" असं तुम्ही लिहिलंय. हेच वाक्य मी एका साहेबांच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकलंय, म्हणून उत्तर जरा तिखट येईल, राग मानू नका.

वेग कमी झाला की बसतो, हे वाळूचं. चिकणमातीचा 2 मायक्रॉनचा कण अगदी स्थिर पाण्यातही 1 मीटर खाली जायला तीनेक दिवस घेतो आणि खाडीचं पाणी तर सहा-साडेसहा तासांनी उलटं फिरतं, मग तो बसणार कधी? बसतो कारण खारं पाणी लागलं की कणांवरच्या विद्युतभाराचं एकमेकांना ढकलणं दबतं, ते चिकटतात, त्यात शेवाळाबिवाळाचा चिकटा असतोच, गुठळ्या होतात आणि त्या शेकडो पट वेगाने खाली येतात. आता खाली काय चाललंय? खारं पाणी जड, ते तळालगत आत सरकतं, गोडं पाणी वरून बाहेर जातं. म्हणजे गुठळी खाली आली की आत जाणाऱ्या गाडीत बसली. त्यात बऱ्याच खाड्यांत भरती कमी वेळाची पण जोरदार आणि ओहोटी लांबलेली, संथ, त्यामुळे भरती जितका गाळ आत ढकलते तितका ओहोटी बाहेर नेत नाही. खाऱ्या पाण्याचं टोक जिथवर पोचतं तिथे मग गढूळ पट्टा तयार होतो. फ्रान्सच्या जिरोंद खाडीत या पट्ट्यात लिटरला 1 ग्रॅमच्या वर गाळ सहज असतो.

साहेबांना हे मान्यच नव्हतं. एका बंदराच्या सर्व्हेला त्यांचा हुकूम असा, की दिवसा बादलीने वरचं पाणी घ्या आणि लॅबला पाठवा. मी तांडेलला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, पटवलं, उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या) रात्री नांगर टाकून पूर्ण भरती-ओहोटी बसलो, दर तासाला वर, मधे आणि तळाशी बाटली. भरती जोरात असताना सगळंच गढूळ, पाणी थांबल्यावर थोड्याच वेळात वरची बाटली जवळजवळ निवळ आणि तळाची इतकी घट्ट की तिरकी केली तरी पटकन ओतेना. साहेब म्हणाले, बाटली तळाला घासली असेल! बरं, म्हणून भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा) तिथेच डबल फ्रिक्वेन्सीचा इको साउंडर, म्हणजे दोन वेगळ्या आवाजांच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र, फिरवला. 200 किलोहर्ट्झला तळ वर दिसला, 33 ला बराच खाली, आणि मधे तो पातळ चिखल, धड पाणी नाही धड जमीन नाही. आणि गंमत बघा, कॉन्ट्रॅक्टरने बिलात खोदाईच्या आधीची खोली 200 ची लावली आणि नंतरची 33 ची. न खोदताच खोली वाढली! साहेबांनी सही केली. मी लेखी आक्षेप दिला, त्याचं उत्तर आजवर नाही.

खोल खोदण्याबद्दल. खोल केलं की भरती आणखी आत शिरते, खारं पाणीही आणि त्याच्याबरोबर गाळही. जर्मनीतली एम्स नदी पापेनबुर्गच्या गोदीतली मोठी जहाजं बाहेर काढण्यासाठी खोल करत गेले, तर तिचा खालचा भाग उन्हाळ्यात अक्षरशः चिखलाचा झाला. हुगळीचा गाळ वरून पाणी सोडून धुवायचा म्हणून 1975 ला गंगेवरचं फराक्का धरण सुरू झालं, 40,000 क्युसेकचा हिशोब होता. गाळ उपसणारे ड्रेजर अजून चालूच आहेत.

हां, सगळीकडे असंच नसतं. भरती-ओहोटीचा फरक कमी असलेल्या मुखांशी, जसं मिसिसिपी, गणित वेगळं, तिथे नदीचंच राज्य. पावसाळी पूर आला की गढूळ पट्टा बाहेर ढकलला जातो, कधी थेट समुद्रातही. आणि वरच्या धरणांनी गाळ अडवला तर पुढे किनाऱ्याला तो कमी पडतो, तेही खरं.

खोदलेलं किती दिवसांत भरेल हे खाडी बघितल्याशिवाय कोणी सांगत असेल तर तो फेकतोय. रिपोर्ट दाखवला की विचारा, सॅम्पल भरतीच्या कितव्या तासाचं, किती खोलीवरचं, उधाणाचं की भांगाचं, आणि आधीची-नंतरची खोली एकाच फ्रिक्वेन्सीची आहे का. टर्बिडिटी (गढूळपणा मोजणाऱ्या) सेन्सरचे नुसते आकडे दाखवले तर बाटलीचं पाणी गाळून, वाळवून, वजन करून ताडून पाहिलंय का तेही विचारा, कारण फार घट्ट चिखलात सेन्सर कमी आकडा दाखवतो.